भिंतीवरून उतरलेली फुलं

कुरे, ९ नोव्हेंबर २०१२

सावाको,

पत्राची सुरुवात हवेपासून करावी, असं तुझी काकू सांगायची. तर हवा अशी आहे की सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. समुद्र आहे तिथेच आहे. हवेचं झालं. आता कामाचं लिहितो.

काकूच्या वर्षश्राद्धाला आलीस आणि जाताना अंगणाच्या कडेला, थेट भिंतीच्या डोक्यावर, पॅन्सीची बारा रोपं लावून गेलीस. मी नको म्हणत होतो. मी आयुष्यभर गोदीत जहाजांना रंग दिला. लाल, करडा आणि पांढरा, एवढंच मला कळतं. फुलं हे तुझ्या काकूचं, फुजिएचं, खातं होतं. पण लावलीस, तेव्हा आता मला झोप नाही.

पहिली गोष्ट. तू सांगितलंस की सुरुवातीची फुलं खुडून टाका म्हणजे रोप मुळं धरतं. मी खुडली. सगळी मिळून एकोणीस. खुडून झाल्यावर वाटलं, जास्त तर नाही खुडली? जास्त खुडली असतील तर आता काय करायचं ते कळव.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पानांवर अळ्या आल्या आहेत. काळ्या, अंगभर काटे, आणि पाठीवर मधोमध लाल पट्टा. गोदीत असा पट्टा ओढला की समजायचं, इथे हात लावला तर मेलास. मी लांबून खराट्याने पाडल्या आणि दार लावून बसलो. हाताला खाज सुटली आहे असं वाटतं, पण ती आधीपासूनही असेल.

तिसरी गोष्ट. ही पॅन्सी उभी राहत नाही. जमिनीवर हात पसरत चालली आहे आणि चालली आहे ती भिंतीच्या कडेकडे. फुलंसुद्धा सगळी तिकडे तोंड करून बसतात. मी सकाळी पाणी घालायला जातो तर माझ्याकडे पाठी. भिंतीखाली कुनिहिरोचं घर आहे, हे तुला माहीत आहे. आमचं बोलणं नाही, हेही माहीत आहे. रोपं उचलून विहिरीकडच्या बाजूला लावली तर चालतील का?

फोन करू नकोस. फोनमध्ये मला मुंग्या चालल्यासारखं ऐकू येतं. लिही, आणि सोप्या अक्षरांत लिही. लढाईच्या दिवसांत माझ्या शाळेची दोन वर्षं खंदक खणण्यात गेली.

तुझा काका,
मिझोबे तोकुइची


सेरा, १६ नोव्हेंबर

काका,

इथे डोंगरावर सकाळी दव गोठायला लागलं आहे. रोपवाटिकेच्या पॉलिहाऊसमध्ये शेगडी लावून मी आणि कामाला असलेला तेरुओ पॅन्सीचे ट्रे भरतो आहोत. दहा बोटांपैकी चार तरी जाग्यावर आहेत. हवेचं झालं.

एकोणीस फुलं खुडलीत ते बरोबर केलंत. माझ्याकडे दिवसाला दोन हजार खुडली जातात, आणि रात्री मला झोप लागते.

अळ्या विषारी नाहीत. ते काटे मऊ असतात, नुसता धाक दाखवायला. नारिंगी पंखांचं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं त्यांचं. पण पानं खातात, म्हणून जुन्या चॉपस्टिक्सनी उचलायच्या. काकू त्या पलीकडच्या रानातल्या जांभळीवर, म्हणजे रानपॅन्सीवर, नेऊन सोडायची. मारायची नाही. तुम्ही चाळीस वर्षं तिच्याबरोबर राहिलात आणि हे बघितलं नाहीत?

आता तिसरी गोष्ट. रोपं उचलायची नाहीत. काका, ही जात उतरणारीच आहे. आडवी पसरते, कड मिळाली की खाली उतरते, आणि थंडीभर फुलत राहते. मी मुद्दाम भिंतीवर लावली, कारण काकूला त्या करड्या काँक्रीटचा वैताग यायचा. फुलं तिकडे तोंड करतात कारण ऊन तिकडून येतं. ती सूर्याकडे बघतात, कुनिहिरोकाकांकडे नाही.

दहा दिवसांनी एकदा पातळ खत, बाटलीवर रेघ मारली आहे तितकंच. सुकलेलं फूल देठाच्या बुडापासून खुडायचं, नाहीतर ते बी धरतं आणि रोप दमतं.

आणि एक विचारते. लहानपणी मी खाली कुनिहिरोकाकांकडे, तामाएकाकूंच्या झाडाची लोकाटं खायला, त्या बावीस पायऱ्या उड्या मारत उतरायची. तुम्ही आणि कुनिहिरोकाका तर गोदीत एका फळीचे जोडीदार. मग भूकंपानंतर नक्की झालं काय? काकूला विचारलं की ती चहा करायला उठायची.

सावाको


कुरे, ५ डिसेंबर

सावाको,

थंडी पडली. पाइपाला चिंध्या गुंडाळल्या.

अळ्या उचलल्या. एकूण सात. चॉपस्टिक्समध्ये धरली की ती वेटोळं करते, तेव्हा मला तिचीच दया आली. रानात नेऊन सोडल्या. परत येतील का?

तू विचारलंस म्हणून सांगतो. मार्चमधला शनिवार होता, दुपारचे साडेतीन. जमीन हलली, तेव्हा आमच्या टेकडीवरचे जुने दगडी बांध ठिकठिकाणी फुगले आणि पडले. आमचाही पडला, कुनिहिरोच्या मागच्या अंगणात. लोकाटाचं झाड, तामाएचे कपडे वाळत घालायचे बांबू, सगळं दगडांखाली गेलं. माणसाला लागलं नाही. नंतर मी ही काँक्रीटची भिंत बांधून घेतली, पाणी निचरायला भोकांच्या ओळी ठेवून, नियमाप्रमाणे. माफी कळवली. मिठाईचा खोका गेला. तो त्याने न उघडता आमच्या पायरीवर परत आणून ठेवला. त्या दिवसापासून वस्तीच्या सूचनांची फिरती फाईल आली की तो माझ्या फाटकाला अडकवतो, मी शिक्का मारतो आणि पुढच्या घराच्या फाटकाला अडकवतो. अकरा वर्षं अशीच गेली. आता पुढचं घरही रिकामं आहे, म्हणून मी ती परत माझ्याच फाटकाला अडकवतो आणि तो येऊन घेऊन जातो. 

हे सांगायचं कारण, फुलं कडेवरून वाकली आहेत. तीन फांद्या वीतभर खाली उतरल्या. हद्द म्हणजे भिंतीचा माथा. त्यापुढचं लोंबतं ते त्याच्या हवेत लोंबतं. पाकळ्या त्याच्या नाल्यात पडणार, नाला तुंबणार.

आणि तो पाळत ठेवतो आहे. त्या मागच्या खोलीची खिडकी वर्षानुवर्षं बंद असायची. या ऑगस्टपासून रोज सकाळी उघडते. काल तर तो अंगणात उभा राहून मोबाइल उंच धरून भिंतीचा फोटो काढत होता. मी डोकं खाली घेतलं. फोटो कशाला काढतात? तक्रारीला जोडायला.

कापू का?

तोकुइची


सेरा, १२ डिसेंबर

काका,

कापू नका. कापू नका, हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, चष्मा नसला तरी दिसेल.

इथे बर्फ भुरभुरला. तुमच्याकडेही एखाद्या सकाळी रोपं मेल्यासारखी लोळलेली दिसतील, पानं काचेसारखी. घाबरून गरम पाणी ओतू नका. काहीच करू नका. दुपारपर्यंत उन्हाने ती आपोआप उठून बसतात. पॅन्सी अशीच आहे, सकाळी मरते आणि जेवायला उठते. तेरुओ म्हणतो, त्याचा आजोबाही असाच होता.

नाला पाकळ्यांनी तुंबत नाही. फोटो माणूस आवडलं म्हणूनही काढतो. हे तुमच्या मनात येतच नाही का?

आणि काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'माफी कळवली', 'खोका गेला'. खोका पायांनी चालत गेला का? कोणी नेला? कोणी कळवली? तुम्ही भिंतीला भोकं ठेवली ते लिहिता आणि एवढंच बरं लिहायचं राहिलं.

नवीन वर्षाच्या तांदळाच्या मोची पाठवल्या आहेत. लहान तुकडे करून खा, घशात अडकतात.

सावाको


कुरे, १४ जानेवारी २०१३

सावाको,

नवीन वर्ष लागलं. मोची पोचल्या. प्रत्येकीचे सहा तुकडे केले. अडकली नाही.

मी फुलं कापली.

रागावशील हे माहीत आहे, पण आधी ऐक. फिरती फाईल आली होती. त्यात वस्तीच्या मंडळाची चिठ्ठी: हद्दीबाहेर गेलेल्या फांद्या ज्याच्या त्याने छाटाव्यात. दर वर्षी येते, हे खरं. पण फाईल माझ्या फाटकाला अडकवणारा कुनिहिरोच, आणि या वर्षी ते पान वरच होतं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या सकाळी मी भिंतीच्या डोक्यावर पालथा पडलो, फुजिएची शिवणाची कात्री घेतली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत गेलो. जहाजाच्या पोटावर पाण्याची रेघ ओढायचो तशी एक रेघ. रेघ ओढताना हात अजून हलत नाही. पण जांभळं, पिवळं, सगळं खाली त्याच्या अंगणात पडलं आणि मला उचलता येईना. तसाच घरात आलो. तेव्हापासून त्याची ती खिडकी बंद आहे. तीन दिवस झाले. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही.

आता तू विचारलंस ते. खोका फुजिएने नेला. मी पाठवली. ती पायऱ्या उतरली आणि मी वर पाण्याच्या टाकीमागे उभा राहून ऐकत होतो. तेव्हा ऐकू यायचं. कुनिहिरोने विचारलं, "मिझोबे कुठे आहे?" फुजिए म्हणाली, "त्यांचा गुडघा दुखतो." माझा गुडघा तेव्हा दुखत नव्हता.

हेही सगळं नाही. सगळं सांगतो, म्हणजे संपेल.

साठ साली, मी पंचवीस-सव्वीसचा असेन, जहाजाच्या बाजूवर फळीवर बसून रंग देत होतो. दोर वर कुनिहिरोच्या हातात. फळीची कडी निसटली आणि मी लोंबकळलो. खाली सुकी गोदी, सहा मजले. लोक येईपर्यंत तो दोर त्याने एकट्याने धरला. त्याच्या तळहाताची कातडी दोराला चिकटून निघाली. महिनाभर त्याला तामाए भरवत होती.

आणि भूकंपाच्या दिवशी बांध गडगडत खाली गेला तेव्हा मला माहीत होतं की त्या वेळी तामाए तिथे कपडे काढायला येते. रोज येते. मी कडेला जाऊन खाली बघितलं नाही. हाक मारली नाही. दिसू नये ते दिसेल म्हणून मी जिन्याखाली जाऊन बसलो. ती त्या दिवशी पाच मिनिटं उशिरा आली म्हणून वाचली. हे मला संध्याकाळी फुजिएकडून कळलं. कुनिहिरोने वर बघितलं असणार. भिंतीवरून कोणाचंच डोकं आलं नाही, हे त्याने बघितलं असणार.

मग कोणत्या तोंडाने उतरायचं? एक दिवस गेला, मग दुसरा, आणि नंतर गुडघा खरंच दुखायला लागला.

तोकुइची


सेरा, १९ जानेवारी

काका,

हवेचं राहू दे.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी कुनिहिरोकाकांना फोन केला. तुमच्याबद्दल काहीही सांगितलं नाही, नवीन वर्षाची चौकशी म्हणून केला. आता मी सांगते ते बसून वाचा.

तामाएकाकूंना गेल्या जूनमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली आहे. दोन महिने दवाखान्यात होत्या, मग घरी आणलं. तुम्हाला रुग्णगाडी ऐकू आली नाही, कारण ती खालच्या रस्त्यावरच थांबते आणि तुम्ही बहिरे आहात. त्यांची गादी मागच्या खोलीत आहे. ती खिडकी तुमच्यावर पाळत ठेवायला उघडत नव्हती. खिडकीतून भिंत दिसते. दिवसभर, करडी. आणि उशीवर डोकं ठेवलं की भिंतीचा माथा दिसतो, उभ्या माणसाला दिसत नाही तो.

डिसेंबरात एक दिवस त्या म्हणाल्या, "जांभळं." कुनिहिरोकाकांना वाटलं, बोलणं पुन्हा बिघडलं. मग ते त्यांच्या शेजारी आडवे झाले, आणि त्यांना दिसलं. फुलं उतरत होती. फोटो त्यांनी काढला तो मोठा करून त्यांना जवळून दाखवायला. मग दोघांची पैज लागली. तामाएकाकू म्हणाल्या, फेब्रुवारीतल्या सेत्सुबुनपर्यंत फुलं भोकांच्या पहिल्या ओळीला पोचतील. कुनिहिरोकाका म्हणाले, छे, मार्चमधल्या पितृपूजेशिवाय नाही. ते हरले तर मिशी काढायची. मिशी त्यांनी निवृत्तीपासून जपली आहे. रोज सकाळी काकू विचारायच्या, "आज कुठपर्यंत?" आणि ते बोटांनी मोजून सांगायचे. झटक्यानंतर इतकं बोलल्या नव्हत्या म्हणे.

आणि मग एका सकाळी तुम्ही तुमची रेघ ओढलीत. खिडकी काकूंनीच बंद करायला सांगितली.

कुनिहिरोकाका मला काय म्हणाले ते शब्दाला शब्द लिहिते. "खोका मी परत केला होता ना. मिझोबे अजून ते विसरला नाही. कापेल नाहीतर काय करेल." ते तुमच्यावर चिडलेले नाहीत, काका. त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यावर चिडला आहात.

मुळं शाबूत आहेत ना? मग खत घाला, दहा दिवसांच्या हिशोबाने. कापलेली पॅन्सी दाट होऊन परत येते. एप्रिलपर्यंत पहिल्यापेक्षा जास्त उतरेल. पण एप्रिल हे काही उत्तर नाही.

खाली जा. मिठाई नेऊ नका. आणि या वेळी पाठवायला कोणी नाही.

सावाको


कुरे, २८ जानेवारी

सावाको,

थंडी आहे. खत घातलं.

चार वेळा निघालो. पहिल्यांदा आठ पायऱ्या उतरलो आणि गॅस चालू राहिला असं वाटून परत आलो. बंद होता. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्यांदा टपालवाला भेटला, म्हणाला, "कुठे निघालात आजोबा?" मी म्हटलं, "कुठे नाही," आणि मग खोटं ठरू नये म्हणून परत आलो. चौथ्यांदा त्याच्या फाटकापर्यंत पोचलो. फाटकाला फाईल अडकवलेली होती. ती घेऊन वर आलो, शिक्का मारला.

गेल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं? ते तू लिहून पाठवलंस तर पाठ करीन.

तोकुइची


सेरा, ३१ जानेवारी

काका,

वाक्य पाठवत नाही. गुडघ्याचा पट्टा पाठवते.

रविवारी सेत्सुबुन आहे.

सावाको


कुरे, ५ फेब्रुवारी

सावाको,

आज ऊन चांगलं आहे. पट्टा पोचला, थोडा घट्ट आहे.

रविवारी जेवण झाल्यावर निघालो. गॅस आधी तीनदा बघितला. बावीस पायऱ्या उतरलो, दारापाशी गेलो आणि काय म्हणायचं याचा विचार करत उभा राहिलो. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. तामाए संध्याकाळी लवकर झोपते, म्हणून तो सेत्सुबुनचे राक्षस हाकलायचे दाणे दुपारीच टाकायला उठला होता. हातात भाजलेल्या सोयाबीनची वाटी, एक मूठ उगारलेली, तोंडात "राक्षसा, बाहेर!" आणि समोर मी.

मूठ उगारलेलीच राहिली. त्याने मला बघितलं. मग त्याने दाणे फेकले, सगळे, माझ्या छातीवर.

"हे झालं," म्हणाला. "आता आत ये."

मी म्हटलं, "मी त्या दिवशी खाली बघितलं नाही."

तो काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. तो जवळ आला आणि ओरडला, "अकरा वर्षं लागली बावीस पायऱ्यांना?"

"गुडघा."

"फुजिएपण तेच म्हणाली होती."

"तेव्हा खोटं होतं. आता खरं आहे."

तो हसला नाही, पण मिशी हलली. म्हणाला, "भिंतीवरून डोकं आलं नाही, तेव्हा मला वाटलं तूच दगडांखाली गेलास. मी दगड उपसत होतो. नंतर कळलं, तू वर चहा पीत बसला आहेस."

"चहा नव्हतो पीत. जिन्याखाली होतो."

"मला काय माहीत? सांगायला आला असतास तर कळलं असतं. मिठाई कोणाला हवी होती." मग त्याने विचारलं, "त्या लाल चवळीच्या वड्या होत्या ना?"

"हो."

"तामाएच्या आवडीच्या. खोका परत ठेवला म्हणून तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

मला मागच्या खोलीत नेलं. तामाए लहान झाली आहे. पांढरे केस, उजवा हात गादीवर उशी ठेवावी तसा ठेवलेला. मी वाकून नमस्कार केला, कपाळ तातामीच्या चटईला लागेपर्यंत. बराच वेळ वर बघवेना. कुनिहिरोने खांद्याला धरलं आणि हाताने खूण केली, झोप. मला कळेना. "तिच्या शेजारी. डोकं खाली. उभ्याने नाही दिसत." मी आडवा झालो. त्याने माझ्या डोक्याखाली घडी करून उशी दिली आणि खिडकी उघडली.

सावाको, मी ती भिंत बांधून घेतली, वरून अकरा वर्षं बघितली, पण खालून कधी बघितली नव्हती. एवढी मोठी आहे. करडी, ओली, भोकांतून डाग उतरलेले. आणि अगदी वर, आकाशाला लागून, माझी रेघ. सरळ, एका पातळीत. वरून मला पाठी दिसायच्या ती सगळी फुलं तोंड करून खाली आमच्याकडे बघत होती, पण एकही काठाच्या खाली नाही.

तामाएने डावा हात उचलून वर दाखवलं आणि काही म्हणाली. मी कुनिहिरोकडे बघितलं.

तो माझ्या कानात ओरडला, "ती म्हणते, हजामत चांगली केलीस."

मग मी बघितलं, खिडकीच्या पट्टीवर पाण्याचा पेला होता. त्यात मी कापलेल्या फांद्या. त्याने अंगणातून वेचून आणल्या होत्या. तीन आठवडे झाले तरी वर दोन फुलं होती, आणि पाण्यात दोन काड्यांना पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळं. त्याने त्या अजून मातीत का लावल्या नाहीत, कुजतील की, असं मी विचारणार होतो, पण विचारलं नाही. आज तुला विचारतो. कुजतील का?

आम्ही दाणे खाल्ले. वयाइतके खायचे म्हणजे माझे अठ्ठ्याहत्तर. दात नसल्यामुळे मी चहात भिजवून खात होतो. तामाएचे कुनिहिरो मोजत होता, आणि ती डाव्या हाताने त्याच्या मोजलेल्यातले परत वाटीत टाकत होती, म्हणजे तिचं वय कमी होईल. मग ती भिंतीकडे बघून म्हणाली, "आज सेत्सुबुन." हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

मी उठलो. कुनिहिरोला म्हटलं, "तुझ्याकडे जुना दोर आहे?"

"कशाला?"

"आहे का?"

होता. गोदीतला नाही, पण गोदीसारखा. मी तो खांद्यावर घेऊन वर गेलो. दोन रोपं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलली. तुझ्या काकूची कपड्यांच्या चिमट्यांची टोपली घेतली, तिच्यात खाली शेवाळ घालून ती बसवली. कापल्यापासून ती खरंच दाट झाली आहेत, टोपलीच्या चारी बाजूंनी बाहेर आली. टोपलीला वरून एक दोर बांधला आणि खालून त्याच दोराच्या कापलेल्या तुकड्याचं शेपूट सोडलं. भिंतीच्या डोक्यावर पालथा झालो. खाली बघितलं. कुनिहिरो अंगणात उभा होता, डोकं वर करून.

त्याने शेपूट पकडलं. तो काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. गोदीत हवा आणि हातोडे यांत कोणालाच कोणाचं ऐकू यायचं नाही. तिथे दोराने बोलायचो. दोन झटके, खाली. एक झटका, थांब. तीन झटके, वर घे.

दोन झटके आले. मी दोर सोडला. वीतभर, अजून वीतभर. पुन्हा दोन. तो खिडकीकडे वळून बघायचा, आत तामाए काय म्हणते ते बघायचा आणि मग ओढायचा. मी पहिल्यांदाच वरच्या टोकाला होतो. दोर हातात जड लागतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. चिमट्यांची टोपली आणि दोन रोपं, तरी तो तळहातात रुतत होता. त्याने साठ साली काय धरलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

मग एक झटका आला. थांब. टोपली भोकांच्या पहिल्या ओळीवर होती. बरोबर ओळीवर.

मी दोर जुन्या गाठीने विहिरीच्या खांबाला बांधला.

काल सकाळी फिरती फाईल आली. फाटकाला अडकवली नाही. तो वर आला आणि हातात दिली. आधी मी त्याला ओळखलंच नाही, ओठ उघडा पडला होता आणि तिथली कातडी बाळासारखी. "हे फसवणूक करून जिंकणं आहे," म्हणाला. "मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, फुलं पोचायची पैज होती, कशी पोचायची हे ठरलं नव्हतं." मग त्याने माझा शिक्का मागितला, माझ्या समोरच मारला, आणि मी चहा ठेवला.

आता माझी काळजी अशी. गाठ रात्रभर टिकेल का? थंडीने दोर आखडतो. काल चार वेळा जाऊन बघितलं. गाठ घट्ट आहे, हे बघायला दोराला एक झटका द्यावा लागतो. चारही वेळा खालून एक झटका परत आला. तो दिवसभर त्या अंगणात काय करतो कोण जाणे.

दोराने लटकलेल्या रोपांना खत वेगळं लागतं का, ते कळव. दहावा दिवस आज की उद्या, माझं मोजणं या गडबडीत चुकलं आहे.

काका